ड्रमवाल्याचे नाव आणि हलगीवाल्याची जात

"जॅझचा आणि आंबेडकरी चळवळीचा संबंध काय?" हा प्रश्न आम्हाला औंधमध्ये विचारला गेला. विचारणारा आमचाच कार्यकर्ता होता. आम्ही त्रिलोक गुर्टू या ड्रमवादकावर लिहिणार आहोत असे सांगितल्यावर तो हसला. म्हणाला, "इथं पोरांना स्कॉलरशिप मिळंना, गायरानाचे खटले पडून आहेत, आणि तुम्ही ड्रमवाल्यावर लेख लिहिताय?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच संध्याकाळी गावाबाहेरच्या एका लग्नात आम्ही जे पाहिले, त्यातच त्याचे उत्तर होते. वरातीपुढे तीन जण वाजवत होते. एकाकडे हलगी, दुसऱ्याकडे घुमके, तिसऱ्याकडे कैताळ. वरात दारात पोहोचली तसे वाजवणे थांबले. पाहुणे मांडवात गेले आणि हे तिघे बाहेर रस्त्याच्या कडेला बसले. जेवण त्यांना शेवटी, तेही बाहेरच आणून दिले गेले. लग्नपत्रिकेत आचाऱ्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावे होती, या तिघांचे नव्हते. आम्ही यजमानांना त्यांची नावे विचारली. उत्तर मिळाले, "नाव कशाला? ते वाजवणारे हायत."

आमचा लेख या उत्तरावर आहे. वाजवणाऱ्याला नाव कधी मिळते, कुणाला मिळते आणि कुणाला मिळत नाही, हा जातीचा प्रश्न आहे. जातीचा प्रश्न असेल तर तो आंबेडकरी चळवळीचाही आहे.

त्रिलोक गुर्टू कोण?

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्रिलोक गुर्टू यांचा जन्म 1951 साली मुंबईत झाला. ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे ते चिरंजीव. लहानपणीच तबला हाती आला आणि शाह अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर शिक्षण झाले. पुढे त्यांच्या हाती पाश्चात्त्य ड्रमसेट आला आणि कानावर जॅझ व रॉक पडू लागले. स्टुडिओत एकाच गाण्यावर एकामागून एक वादनाचे थर चढवता येतात, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. रेकॉर्डवर जे ऐकू येते ते सगळे एकाच दमात वाजवलेले आहे असे त्यांना वाटे. म्हणून चार जणांचे काम एकट्याच्या दोन हातांनी करायची सवय त्यांनी लावून घेतली. हे त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितले आहे. अज्ञानातून आलेली ही मेहनत पुढे त्यांची ओळख ठरली.

1970 च्या दशकात ते युरोपात गेले. डॉन चेरी या कृष्णवर्णीय अमेरिकी ट्रम्पेटवादकासोबत आणि चार्ली मारियानो या सॅक्सोफोनवादकासोबत त्यांनी वाजवले. 1977 साली 'एम्ब्रियो' या जर्मन गटाच्या ध्वनिमुद्रिकेत ते होते. त्याच ध्वनिमुद्रिकेत त्यांच्या आई शोभा गुर्टूही गायल्या आहेत. पुढे त्यांनी जर्मनीतल्या हॅम्बुर्गला घर केले. 1984 साली 'ओरेगॉन' या अमेरिकी गटाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट अपघातात गेले, तेव्हा त्यांच्या जागी गुर्टूंना बोलावले गेले. त्या गटासोबत त्यांनी तीन ध्वनिमुद्रिका केल्या. मग गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रिकुटात त्यांनी जगभर दौरे केले. 1988 साली 'उस्फ्रेट' ही त्यांची स्वतःच्या नावावरची पहिली ध्वनिमुद्रिका आली. तिच्यातही आईचा आवाज आहे. 'डाऊनबीट' हे जॅझमधले सर्वात वजनदार अमेरिकी मासिक. त्याच्या समीक्षकांनी गुर्टूंना अनेक वर्षे सर्वोत्कृष्ट तालवादक म्हणून निवडले.

त्यांची वाजवायची रीत पाहण्यासारखी आहे. ड्रमवादक एरवी स्टुलावर बसतो, पायाने पेडल मारून मोठा ढोल वाजवतो. गुर्टू जमिनीवर गुडघा टेकून बसतात. समोर पाश्चात्त्य ड्रम, बाजूला तबला, घंटा, शिंपल्यांच्या माळा आणि पाण्याची बादली. झांज वाजवून ती पाण्यात बुडवली की सूर वाकतो, ओघळतो. मध्येच ते तोंडाने बोल म्हणतात आणि तेच बोल हातातून काढतात. न्यूयॉर्क असो की हॅम्बुर्ग, हा माणूस आपल्याकडच्या वादकासारखा भुईवर बसतो. त्यासाठी त्याने अख्ख्या ड्रमसेटची मांडणी बदलून घेतली.

नावाच्या मागे दोन बाया

गुर्टूंवर लिहिणारे बहुतेक जण येथे थांबतात. आम्हाला थोडे मागे जायचे आहे.

शोभा गुर्टू यांचे माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. 1925 साली बेळगावात त्यांचा जन्म झाला. आई मेनकाबाई शिरोडकर व्यावसायिक नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. नाच आणि गाणे यांवर ज्या बाईचा चरितार्थ चालतो, तिला त्या काळच्या सोवळ्या समाजाने कोणत्या नजरेने पाहिले ते वेगळे सांगायला नको. तिचे गाणे हवे, तिच्या घराशी सोयरीक मात्र नको! हीच विद्या पुढे शहरातल्या पांढरपेशा घरांनी उचलली तेव्हा तिला 'शास्त्रीय' ही पदवी मिळाली. ज्या बायांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांच्या नावामागे 'बाई' लागले आणि नंतर शिकलेल्या पुरुषांच्या नावापुढे 'पंडित' लागले. शोभाताईंना 1987 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2002 साली पद्मभूषण मिळाले. हा सन्मान त्यांनी कमावला. पण मेनकाबाईंचे नाव आज किती संगीतप्रेमींना आठवते?

आता औंधचा धागा पाहा. शोभाताईंचे सुरुवातीचे रीतसर शिक्षण अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ यांच्याकडे झाले. त्याच भूर्जी खाँसाहेबांकडे औंधचे गजाननबुवा जोशीही शिकले. गजाननबुवांचे वडील अंतूबुवा औंध संस्थानचे दरबारी गवई. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी 1940 साली औंधात संगीत महोत्सव सुरू केला. ही परंपरा मोठी आहे आणि आमची तक्रार महोत्सवाशी नाही. खेड्यात इतकी वर्षे अभिजात संगीत ऐकायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे.

आमचा मुद्दा वेगळा आहे. एकाच उस्तादाची विद्या एका शाखेने औंधच्या व्यासपीठावर आली आणि दुसऱ्या शाखेने शोभाताईंच्या घरात गेली. तिथून त्यांच्या मुलाच्या कानात बसून ती जर्मनी-अमेरिकेपर्यंत पोहोचली. मग त्याच औंधच्या पंचक्रोशीत, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी, पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवणाऱ्याची विद्या वेशीच्या पुढे का गेली नाही? त्याच्या हातात ताल कमी होता काय?

हलगी, घुमके, कैताळ म्हणजेच ड्रमसेट

"कुठे ड्रमसेट आणि कुठे हलगी!" असे म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ड्रमसेटचा इतिहास वाचावा.

ड्रमसेट हे एक वाद्य नाही. पूर्वी अमेरिकेतल्या बँडमध्ये पडघमासारखा मोठा ढोल एक जण वाजवी, काडीने वाजायचा पातळ चामड्याचा ड्रम दुसरा वाजवी आणि झांजा तिसरा. बँड रस्त्यावरून नाचघरात शिरला तशी जागा कमी पडू लागली आणि मालकाला तिघांचे पैसे देणेही जड जाऊ लागले. मग एकाच माणसाने सगळे वाजवायच्या युक्त्या निघाल्या. 1909 च्या सुमारास लुडविग कंपनीने पायाने मारायचे चांगले पेडल काढले. हात काड्यांना मोकळे झाले, मोठा ढोल पायाखाली गेला आणि तीन वादकांचा एक वादक झाला. या नव्या वाद्यसंचाची भाषा न्यू ऑर्लिन्सच्या आणि नंतर शिकागो, न्यूयॉर्कच्या काळ्या वादकांनी घडवली.

आता आपली वरात डोळ्यांसमोर आणा. हलगीचा कडकडाट, घुमक्याचा खालचा घुमारा, कैताळाचा झणत्कार. पातळ ड्रम, मोठा ढोल, झांज. तीच मांडणी, तीच कामाची वाटणी. हलगीवाला वाजवण्याआधी जाळावर चामडे शेकून सूर चढवतो. जुने हलगीवाले पोराला आधी तोंडाने बोल शिकवतात आणि मगच हातात काडी देतात. गुर्टू जगभरच्या व्यासपीठांवर बोल म्हणून दाखवतात तेव्हा टाळ्या पडतात. आमचा मातंग म्हातारा तेच करतो तेव्हा ते 'आडाणी माणसाचे बडबडणे' ठरते!

फरक वाद्यात नाही, वाद्याला मिळालेल्या वाटेत आहे. गुर्टूंच्या वाट्याला गाणारे घर होते, गुरू होता, मुंबईसारखे शहर होते. त्यांच्या मेहनतीचे मोल आम्ही कमी करत नाही. मेहनत त्यांनी डोंगराएवढी केली. पण त्यांच्या मेहनतीला पुढे जायला दारे होती. हलगीवाल्याच्या मेहनतीपुढे एकच दार होते, पाटलाच्या वाड्याचे, आणि त्या दाराच्या आतही त्याला जाता येत नव्हते. 'गुणवत्ता, गुणवत्ता' असा जप करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

ढोलाला भिणारे मालक

ढोल वाजवणाऱ्याला खाली ठेवायचे आणि त्याच्या ढोलाला भ्यायचेही, हे जगभरच्या मालकांनी केले आहे. 1739 साली अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले आणि वाटेत आणखी गुलाम त्यांना मिळत गेले. उठाव चिरडला गेला. पुढच्याच वर्षी, 1740 साली, तिथल्या गोऱ्या सत्तेने कायदा करून गुलामांना ढोल वाजवायची बंदी केली. ढोल हा निरोप असतो हे मालकांना कळले होते.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. इथे ढोलाची बंदी केली नाही, सक्ती केली! दवंडी पिटायची, जत्रेत वाजवायचे, मयतीपुढे वाजवायचे. बदल्यात शिळी भाकरी आणि उतरलेले कापड. तिकडे गुलामाच्या हातातून ढोल काढून घेतला, इकडे तो अस्पृश्याच्या गळ्यात बांधला. दोन्हीकडे हेतू एकच होता. वाजवणारा स्वतःसाठी वाजवू नये.

या गुलामांच्या वंशजांनी जॅझ घडवला. त्यांच्यातला एक मॅक्स रोच. 1924 साली नॉर्थ कॅरोलिनात जन्म, ब्रुकलिनमध्ये वाढ. आधुनिक जॅझ ड्रमवादनाचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव पहिल्या ओळीत आहे. 1960 साली त्याने 'वुई इन्सिस्ट!' या नावाची ध्वनिमुद्रिका काढली. 'आमचा आग्रह आहे', मागणी स्वातंत्र्याची, तीही आत्ताच. मुखपृष्ठावर छायाचित्र आहे. खाणावळीच्या काउंटरवर तीन काळे तरुण बसलेत, मागे गोरा वाढपी उभा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रीन्सबोरो गावात काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवर जाऊन बसले होते. त्या लढ्याचे ते चित्र. ध्वनिमुद्रिकेतला एक भाग दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल गोळीबाराच्या संतापातून आला आहे.

आमच्या वाचकांना हे छायाचित्र परके वाटणार नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी पिणाऱ्यांचे कुणी छायाचित्र काढले असते तर ते असेच दिसले असते. काउंटरवरच्या कॉफीने कुणाची तहान भागणार नव्हती आणि तळ्याच्या पाण्यावाचून कुणी मरत नव्हते. प्रश्न माणूस असण्याचा होता. बाबासाहेबांना हे नाते दिसत होते. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते उगाच नाही. 1972 साली आमच्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, तेही उगाच नाही.

मॅक्स रोचने ढोल टाकला नाही. ढोल कुणासाठी आणि कोणत्या अटीवर वाजवायचा, हे मात्र त्याने स्वतः ठरवले. आपल्या संगीताला गोऱ्या बाजाराने दिलेले 'जॅझ' हे नावही त्याला मान्य नव्हते. नाव ठेवण्याचा हक्क आमचा, असा त्याचा बाणा. पुढे तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. ज्या ढोलावर कायद्याने बंदी होती तो ढोल विद्यापीठात शिकवला जाऊ लागला.

"बाबासाहेबांनी सोडायला सांगितले, आणि तुम्ही पुन्हा हलगी देता?"

आता सर्वात अवघड आक्षेपाकडे येऊ, कारण तो बाहेरून नाही, आमच्याच घरातून येतो. आमचे ज्येष्ठ म्हणतात, "मेलेली ढोरे ओढणे सोडा, येसकरी सोडा, वाजवणे सोडा, हे बाबासाहेबांनी सांगितले. आमच्या बापाने हलगी आडात टाकली म्हणून आम्ही शिकलो. तुम्ही शिकलेली पोरं ती पुन्हा वर काढायला निघालात काय?"

या भावनेपुढे आम्ही मान झुकवतो. ज्यांनी हलगी टाकली त्यांनी क्रांती केली. महार वतन ही सरकारी मुलाम्याची वेठबिगारी होती. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. ही वतने कायद्याने जायला पुढे तीस वर्षे लागली. औंध संस्थानचेच उदाहरण घ्या. राजे भवानराव चित्रकार होते, कलाप्रेमी होते. 1939 साली त्यांनी प्रजेला राज्यघटना दिली आणि त्या 'औंध प्रयोगा'चे कौतुक आजही होते. त्याच संस्थानातल्या आटपाडीत 1921 साली शंकरराव खरात जन्मले. त्यांचे 'तराळ-अंतराळ' वाचा. तराळाचे घर कसे होते, गावकी म्हणजे काय, बाप कोणती कामे करत होता हे त्यात आहे. पुढे हे तराळाचे पोर मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, 1984 साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. घटनेचा कागद राजाने दिला, पण तराळकीतून माणूस बाहेर काढला तो शिक्षणाने आणि बाबासाहेबांच्या चळवळीने.

आणि खुद्द बाबासाहेब? त्यांचे वडील याच खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. लहानगा भीमराव भावंडांसह सातारहून वडिलांकडे निघाला. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना आणि रात्रभर पिण्याला पाणी मिळाले नाही. आज औंध ज्या खटाव तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या वाटेवरचा हा अनुभव. या मातीत आम्ही कुणाला "परंपरा जपा" असा उपदेश करणार नाही.

पण एक भेद नीट करायला हवा. बाबासाहेबांनी वाजवण्यातली गुलामगिरी सोडायला सांगितली. त्यांनी ताल सोडायला सांगितला असता तर आंबेडकरी जलसे उभेच राहिले नसते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाच्या घाटातून गण-गवळण काढली आणि ढोलकी ठेवली. देवाच्या जागी माणूस आणला, लावणीच्या जागी विचार आणला. बाबासाहेब स्वतः हे जलसे पाहत आणि त्यांचे मोल जाणत. वामनदादा कर्डक खेडोपाडी गात हिंडले ते ढोलकीच्याच संगतीने. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मातंग समाजातून आले. कलापथक घेऊन महाराष्ट्र हलवला आणि आपली 'फकिरा' कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. यांच्यापैकी कुणी वाद्य टाकले नाही. वाद्याचा मालक बदलला.

तेव्हा कसोटी सोपी आहे. वाजवणाऱ्याला 'नाही' म्हणता येते का? म्हणता येत असेल तर ती कला. 'नाही' म्हटल्यावर बहिष्कार पडत असेल, शेतावरचे काम तुटत असेल, तर ती वेठ. मग तिच्यावर 'लोककला' असा कितीही सोनेरी कागद चिकटवा. गुर्टूंच्या चरित्रात आम्हाला सर्वात जास्त काय भावते? ते बक्षीस नव्हे. हा माणूस कुठे, कुणाबरोबर आणि कसे बसून वाजवायचे हे स्वतः ठरवतो. साथीदार म्हणून गेला आणि स्वतःच्या नावाचा गट घेऊन उभा राहिला. हा हक्क औंधच्या हलगीवाल्याला कधी मिळणार?

"कलेला जात नसते"

दुसरा आक्षेप ठरलेला आहे. "कलेला जात नसते हो, तुम्ही उगाच जात आणता." हे वाक्य म्हणणाऱ्याची जात बहुधा मांडवाच्या आत बसलेली असते.

कलेला जात नसेल तर हलगी वाजवणारी पोरे एक-दोनच समाजांची का? तबल्याला चामडे लागते, मृदंगालाही लागते. ते चामडे कमावणारा ढोर, चांभार बाहेर, आणि त्यावर थाप मारणारा गाभाऱ्यापर्यंत, असे का? वाद्यांचीही उतरंड लावली आहे. चामड्याला काडी लागली की हलके, बोट लागले की भारी! ड्रमसेटला मात्र ही उतरंड लागू नाही, कारण तो विमानातून आला. तोच काडीने वाजणारा, तोच चामड्याचा किंवा प्लॅस्टिकच्या पडद्याचा. पुण्या-मुंबईत तो शिकायला चांगल्या घरची पोरे हजारो रुपये फी भरतात. परदेशातून आलेल्या काडीला विटाळ नाही आणि गावातल्या काडीला आहे!

नाव पुसण्याची ही रीत शहरातही आहे. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड या काळ्या अमेरिकी वादकांनी जॅझ आणला. त्यांच्याकडून गोव्याचे ख्रिस्ती वादक शिकले. पुढे तेच वादक हिंदी सिनेमात आले. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'मागे चिक चॉकलेट या गोव्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात होता. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी वाद्यवृंदाची मांडणी लिहायची आणि पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचे, हा त्या काळचा शिरस्ता. अख्खा देश ज्या ठेक्यावर नाचला त्या ठेक्याच्या ड्रमवाल्याचे नाव विचारा, दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही.

आमच्या मागण्या, आधी आमच्याकडून

आम्ही दुसऱ्यांना बोलतो तेव्हा आपल्याकडेही बघू. 14 एप्रिलला आम्ही काय करतो? हजारो रुपये मोजून डीजे आणतो. भिंतीएवढे स्पीकर लावतो, म्हाताऱ्यांची छाती धडधडते आणि आमचाच हलगीवाला, आमचाच बँडवाला त्या दिवशी बेकार बसतो. सातारा-सांगली भागात बँड पार्टीत, बेंजो पार्टीत साईड ड्रम वाजवणारी कितीतरी पोरे मातंग आणि इतर वंचित समाजांची आहेत. त्यांचा हंगाम डीजेने खाल्ला. भीमजयंतीचा पैसा भीमाच्या लेकरांच्या हातात जात नसेल तर मिरवणूक कुणाची? आणि महार-मांग ही फूट मोडायची असेल तर भाषणांपेक्षा एका मिरवणुकीत शेजारी चालून एकत्र जेवणे जास्त उपयोगी आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे.

एक. लग्नाच्या पत्रिकेवर, जयंतीच्या फलकावर वाजवणाऱ्यांची पूर्ण नावे छापा. 'हलगी पथक' एवढ्यावर भागवू नका.

दोन. मोबदला आधी ठरवा, पैशात ठरवा आणि वेळेवर द्या. धान्य, कपडा, दारू यांत वाजवणे मोजायचे दिवस संपले.

तीन. वाजवणारा पंगतीत बसेल. जिथे बसवणार नाहीत तिथे आमचा कार्यकर्ताही जेवणार नाही.

चार. जत्रेत अमक्या समाजानेच वाजवले पाहिजे अशी सक्ती कुठे होत असेल तर आम्हाला कळवा. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि 23 व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. गावकी त्यापेक्षा मोठी नाही.

पाच. शाळेत लेझीम शिकवता, मग हलगीही शिकवा. पण सर्व जातींच्या मुलांना आणि मुलींना. पाटलाच्या मुलीने हलगी वाजवली आणि मातंगाच्या मुलाने गणित सोडवले तरच हलगीची जात जाईल. नाहीतर 'तुझ्या समाजाची कला' म्हणून आमच्याच पोराच्या हातात पुन्हा तीच काडी येईल.

सहा. म्हाताऱ्या हलगीवाल्यांचे बोल, चाली मोबाईलवर का होईना, मुद्रित करून ठेवा. नावासह, गावासह. त्यांच्याबरोबर एक विद्यापीठ जळते आहे.

आणि एक विनंती औंधकरांना. ज्या गावाने इतकी वर्षे तबल्याची साथ मान देऊन ऐकली, त्या गावाला हलगी-घुमके मान देऊन ऐकणे अवघड नाही. एक संध्याकाळ ठरवू. वाजवणारे व्यासपीठावर, आपण खाली. आधी त्यांची नावे पुकारू, मग काडी पडेल.

त्या लग्नातल्या तिघांशी आम्ही नंतर बोललो. धाकट्याला, कैताळवाल्याला, मोबाईलवर गुर्टूंचे वादन दाखवले. बादलीत झांज बुडवताना पाहून तो खुदकन हसला. मग म्हणाला, "ह्यो तर आमच्यावानीच खाली बसलाय की!" थोडा वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, "ह्यांचं नाव काय म्हणला?"

आम्ही नाव सांगितले. मग त्याला त्याचे नाव विचारले. त्याने आधी नुसतेच नाव सांगितले, नंतर थांबून बापाच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण सांगितले. येत्या जयंतीच्या फलकावर ते छापले जाणार आहे.

जय भीम!